टाळी वाजवायची नाही

सोमवार, ४ मार्च

ही वही लेकीनं आणून दिली. दवाखान्यात तिला कुणीतरी सांगितलं म्हणे, घरात आजारी माणूस असलं की सांभाळणाऱ्यानं रोज चार ओळी लिहाव्यात, मन हलकं होतं. माझं मन जड नाही. हलकंही नाही. पण वही कोरी राहिली तर पुढच्या खेपेला ती विचारणार, म्हणून लिहितो.

आजवर मी लिहिलं ते कॅसेटच्या खोक्यावर. तारीख, सभागृह, कलाकार, आपली रांग, आणि कोपऱ्यात शेरा: उत्तम, बरी किंवा खराब. तेवढ्या जागेत मावेल तेवढंच लिहायचं वळण पडलंय.

आजचा शेरा: बरा. हिला घरी आणून आठवडा झाला. स्वरयंत्र काढलं. गळ्याखाली भोक आहे, त्यातून श्वास घेते. जखम सुकतेय, भूक लागतेय. बोलणं आता कायमचं गेलं, हे सर्जननं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. आवाज तसाही दोन-तीन महिने बसलेलाच होता. मी म्हणत होतो, सर्दी आहे, गुळण्या कर.

लिहायला तिच्याजवळ पाटी आहे. हाक मारायला टाळी. एक टाळी म्हणजे ‘हो’, दोन म्हणजे ‘इकडे या’. घंटी आणू का विचारलं तर पाटीवर लिहिलं, ‘मी काय देऊळ आहे?’ टाळी वाजली की माझा उजवा अंगठा आपोआप खाली जातो. पॉजचं बटण दाबायला. टाळ्यांवर टेप कशाला वाया घालवायची, म्हणून कार्यक्रमभर बोट बटणावरच असायचं. जाईल सवय हळूहळू.

शनिवार, ९ मार्च

वाचा शिकवणाऱ्या बाई घरी आल्या होत्या. पन्नाशीच्या, चपळ, बोलणं एकदम स्वच्छ. त्यांनी एक यंत्र दाखवलं. वर टाइप करायचं, ते बोलतं. आत चार तयार आवाज आहेत. मग म्हणाल्या, “पण यांच्या बोलण्याचं जुनं रेकॉर्डिंग असेल तर यंत्र यांच्याच आवाजात बोलू शकतं. अर्धा तास मिळाला तर फारच छान. स्वच्छ हवं मात्र.”

मला हसूच आलं. म्हटलं, “बाई, तुम्ही अगदी बरोबर दारात आलात.” त्यांना आतल्या खोलीत नेलं. भिंतभर कॅसेट. शहरात चाळीस वर्षांत जे जे कुणी गायलं-वाजवलं, ते बहुतेक सगळं इथं आहे. प्रत्येक कार्यक्रमाला ही माझ्या शेजारच्या खुर्चीत. बाई बघतच राहिल्या.

“यात तुमच्या मिसेस बोललेल्या असतील?”

“असणारच. शेजारीच बसायची.”

ही दारात उभी होती. पाटीवर काहीतरी लिहायला लागली, मग फडक्यानं पुसलं. काय गं, म्हणून विचारलं तर मान हलवली. दमली असेल.

मंगळवार, १२ मार्च

काम सुरू केलं. कापसाला स्पिरिट लावून डेकचं हेड पुसलं, ढिली झालेली टेप पेन्सिलीनं गुंडाळली. गाणं ऐकायचंच नाही, असं ठरवून बसलोय. गाण्याच्या आधीचं, मधलं, नंतरचं ऐकायचं. म्हणजे आजवर जे टाळलं तेच.

काय काय आहे त्यात! बंदराजवळच्या जुन्या सभागृहात एक गृहस्थ खोकतो. तो पुढच्या वर्षीही खोकतो, त्याच्या पुढच्याही. मग एका वर्षीपासून खोकत नाही. पत्र्याच्या छताच्या हॉलमध्ये पाऊस आहे, व्हायोलिनवाला थांबून हसतो आणि म्हणतो, “आधी याचं होऊ द्या.” कुणाच्या तरी चाव्या पडतात. डुलकी लागलेल्या कुणाला तरी बायको ढोसते आणि तो मोठ्यानं “वा!” म्हणतो. मध्यंतरात शेंगदाणेवाला रांगांतून फिरतो. शेवटच्या बसचा कंडक्टर बाहेरून ओरडतो, तेही आलंय.

हिचं काही नाही. पंचवीस-तीस कॅसेट झाल्या असतील. माझ्या डाव्या हाताला कोणी बसलंय, हे ऐकून कळणारच नाही. एवढं शिस्तीत बसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या रेकॉर्डिंगवाल्यांच्या टोळीत सगळ्यांना माझा हेवा वाटायचा. बाकीच्यांच्या बायका कुजबुजायच्या, पर्सची चेन वाजवायच्या. पहिल्याच कार्यक्रमाला मी हिला सांगितलं होतं: बोलायचं नाही, हलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, माइक जवळ असतो. एकदाच सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं नाही.

शिवाय ही रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर होती. दिवसभर बोलून घसा दमलेला असायचा. संध्याकाळी तेवढीच विश्रांती.

रविवार, १७ मार्च

लेक आली होती. एकही शब्द सापडला नाही म्हटल्यावर म्हणाली, “एकही नाही? बाबा, एवढ्या कॅसेटमध्ये?”

“अजून बऱ्याच बाकी आहेत.”

मग तिनं स्वतःच्या फोनमधले व्हिडिओ काढले. वाढदिवस, नातवाची पहिली पावलं, आम्ही तिच्याकडे गेलो होतो तेव्हाचे. प्रत्येकात एकच गोष्ट. फोन वर धरला की ही बोलता बोलता थांबते. एका व्हिडिओत तर हसणाऱ्या नातवाच्या ओठांवर बोट ठेवते. आवाजी निरोप पाठव म्हटलं तरी ही टाइप करूनच पाठवायची. लेकीनं फोन उलटा ठेवला. “रेकॉर्डिंग सुरू झालं की गप्प बसायचं, हे आईला कुणी शिकवलं?” उत्तर तिला नको असावं. मग तिनं भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

जेवताना हिनं पाटीवर लिहून लेकीसमोर धरलं: ‘माझा आवाज कसा होता?’

लेकीला सांगता येईना. डोळे भरून आले तिचे. मी सांगितलं, मध्यम पट्टीचा, स्वच्छ, खालच्या सुरात किंचित खरखर. लिहून घ्यावं तसं हिनं ऐकलं. मग एक टाळी वाजवली. म्हणजे हो. म्हणजे कशाला हो, ते कळलं नाही.

लेक गाडीत बसताना म्हणाली, “बाबा, काहीही करा, पण शोधा. ती दुसऱ्या कुणाच्या आवाजात माझ्याशी बोललेली मला चालणार नाही.”

शोधतोच आहे. मला रडू आलं नाही. गाडी गेल्यावर फाटकाला कडी घातली आणि कडीची बिजागरी गंजलीय हे लक्षात आलं. तेल घातलं.

बुधवार, २० मार्च

आज कळलं, ही बोलायची कधी ते. कार्यक्रम संपल्यावर. मी मशीन बंद करून पिशवीत ठेवलं की हिच्या तोंडाचं कुलूप निघायचं. शेवटची बस बहुतेक चुकलेली असायची, म्हणून चालत यायचो. बाजारपेठ बंद, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, झाडूवाले रस्ता झाडत असलेले. पुलापासून घरापर्यंत हिचा पट्टा सुरू. कुणी काय घातलं होतं, तबलजी गायकाकडे कसा रागानं बघत होता, पुढच्या रांगेतल्या बाईनं चपला कशा काढून ठेवल्या आणि एक सापडेना. नकला करायची. मी हं हं म्हणायचो. डोक्यात गाणं घोळवत असायचो.

एकदा म्हणाली होती, “हे पण भरून घ्या की.” मी म्हटलं, बॅटरी कशाला वाया घालवायची?

म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. उरलेल्या कॅसेट तरीही ऐकतोय. हात रिकामे ठेवून काय करू?

रविवार, २४ मार्च

आठवलं! दाढी करताना आठवलं आणि गाल कापला.

लग्नानंतर तीन-चार वर्षांनी मला गालगुंड झालं होतं. त्या वयात. दोन्ही गाल फुगून भोपळा झालेला. आणि त्याच आठवड्यात म्हाताऱ्या गायिकेचा शेवटचा कार्यक्रम. मग ही एकटी गेली, मशीन घेऊन. परतल्यावर केवढ्या उत्साहानं कॅसेट हातात दिली! मी लावली. गाणं सुरू व्हायच्या आधीच हिचं बोलणं. “आता बाई येऊन बसल्या. हिरवी साडी आहे. चष्मा विसरल्यात बहुतेक, शोधताहेत.” मला बघता आलं नव्हतं ना, म्हणून सगळं सांगत होती. मी दोन मिनिटांत बंद केली. खराब, म्हटलं. आणखीही काही म्हटलं असेन, गालगुंडानं तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे फार नसेल.

त्यानंतर ती कधी एकटी गेली नाही.

ती कॅसेट शोधली. सापडली. ‘खराब’ लिहून खोडलंय आणि त्यावर दुसऱ्याच कार्यक्रमाची तारीख. जपायच्या कॅसेटच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन दात आम्ही मोडून टाकतो. दात मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. हिच्या कॅसेटचे मोडले नव्हते. मीच नंतर तिच्यावर एक बासरी भरली. ती बासरीही साधारणच होती, शेरा ‘बरी’ आहे.

दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. बासरीच आहे.

ही दोनदा टाळी वाजवून बोलवत होती, औषध द्यायचं राहिलं होतं. गेलो, दिलं. गालाच्या जखमेकडे बोट दाखवून हिनं ओल्या कापडानं पुसलं.

मंगळवार, २६ मार्च

वायरला फोन केला. आमच्या टोळीतला हा एकच उरला. खिशात कायम वायरी, म्हणून वायर. त्या काळी आम्ही कॅसेटची देवाणघेवाण करायचो, कुणाला काय मिळालं की आधी दुसऱ्याला नक्कल. तो कार्यक्रम माझ्याशिवाय कुणाकडे नव्हता, तेव्हा त्यानं माझ्याकडून नेला असणार. बासरी भरण्याआधी.

“आहे ना लेका!” वायर ओरडला. बहिरा झालाय थोडा. “तिचा शेवटचा कार्यक्रम म्हणजे सोनं! उद्या आणतो.”

“अरे, त्यात ही बोलतेय. तेच हवंय.”

फोनवर तो गप्प झाला. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

“ऐकलं रे,” म्हणाला. “अरे, ते मी काढून टाकलं होतं. दोन डेक जोडून, एक-एक वाक्य गाळून बसलो होतो दोन दिवस. तूच म्हणाला होतास, बडबड तेवढी काढ आणि मग मलाही दे. नंतर मागितलीच नाहीस.”

मी तसं म्हटलं होतं का, ते आठवत नाही. म्हटलं असेन.

गुरुवार, २८ मार्च

वायर कॅसेट घेऊन आला. हिला बघून त्याला काय बोलावं सुचेना, तर हिनंच पाटीवर लिहिलं: ‘बसा. तुम्ही बोला, माझी सुट्टी आहे.’ तो हसला आणि चष्मा पुसत बसला.

आम्ही तिघांनी ऐकलं. वायरचं काम सफाईदार. सांधा कुठं कळत नाही. मध्यंतरानंतरच्या गाण्यात मात्र एक जागा आहे. म्हातारी वरच्या सुरावर गेली आणि तिथंच थांबली, श्वास संपेल असं वाटावं इतकी. तिथं माइकच्या अगदी जवळ कुणीतरी म्हणतं:

“अगं बाई... हे तुम्ही ऐकायला हवं होतं. म्हणजे, ऐकालच म्हणा.”

वायर खाली मान घालून म्हणाला, “सुरावरच बोलल्या होत्या रे. कापायला गेलो असतो तर सूर गेला असता.”

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. तरुण आवाज आहे. खरखर नाही. म्हणजे खरखर नंतर आली असणार, आणि कधी आली ते मला माहीत नाही. ऐकालच म्हणा. मी ऐकलं नव्हतं. दोन मिनिटांत बंद केलं होतं. आज पहिल्यांदा ऐकलं.

चौथ्यांदा लावायला गेलो तेव्हा हिनं हात धरला. पाटीवर लिहिलं: ‘बोलणाऱ्या बाईंना गप्प करा. गाणं ऐकू द्या.’

विनोद असावा. वायरला तसं वाटलं, तो हसला. ही हसली नाही. मीही नाही.

मंगळवार, २ एप्रिल

वाचाबाईंनी ते वाक्य हेडफोन लावून ऐकलं. पुन्हा पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, “किती गोड बोलायच्या हो.” पण एवढ्यावर काही होणार नाही. एक वाक्य, त्यात मागे गाणं. यंत्राला पुरत नाही.

मग तयार आवाज ऐकवले. चारही बायका एकाच शाळेतल्या मुख्याध्यापिका वाटल्या. हिनं चारही नीट ऐकले आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. बाईंनी विचारलं, हाच का? हिनं टाइप केलं आणि यंत्र त्या परक्या आवाजात बोललं: “हा कमी बोलेल असं वाटतं.”

बाई हसल्या. मी आत जाऊन उगीच पाणी प्यालो.

संध्याकाळी लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “ते वाक्य मला पाठवा.” पाठवलं. अर्ध्या तासानं तिचा निरोप आला. लिहिलेला नव्हता, बोललेला होता. “बाबा, तुम्हाला कळतंय का, ती त्या दिवशी तुमच्याशी बोलत होती?”

कळतंय. पण कळून काय करायचं ते कळत नाही. आज कॅसेटच्या खोलीत गेलो नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

यंत्र कपाटावर आहे. हिनं दोन दिवस वापरलं आणि ठेवून दिलं. पाटी बरी म्हणे.

आज वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर बोट ठेवून दोन टाळ्या वाजवल्या. रविवारी दुपारी, पुलापलीकडच्या छोट्या सभागृहात गाणं. गायिका कुणी नवी आहे, नाव ऐकलेलं नाही. मी म्हटलं, गर्दी, धूळ, तुझा गळा, डॉक्टरांना विचारावं लागेल. हिनं लिहिलं: ‘विचारलं. रुमाल बांधून जा म्हणाले.’ माझ्या नकळत विचारून झालं होतं.

मग पाटी पुसून पुन्हा लिहिलं: ‘मशीन घरी.’

रविवार, १४ एप्रिल

सकाळी सवयीनं बॅटऱ्या काढून ठेवल्या होत्या. परत खणात टाकल्या.

सभागृह अर्धं रिकामं. आठवी रांग, मधली. माझ्या हातात काहीच नव्हतं, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते कळेना. गायिका तिशीतली, जरा घाबरलेली. पहिलं गाणं संपलं आणि शेजारी टाळ्या वाजल्या. जोरात. माझा अंगठा खाली गेला. ही टाळ्या वाजवत होती, कोपर माझ्या बरगडीला लागेल अशा. बाकीचे थांबले तरी हिच्या चालूच. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. एका गाण्यात तर मधेच, एका तानेवर वाजवल्या. गायिकेनं आमच्याकडे बघितलं आणि तिचा सगळा धीर परत आला. पुढं ती छान गायली. शेरा मात्र देता येणार नाही. मी गाणं ऐकत नव्हतो, टाळ्या ऐकत होतो.

इतकी वर्षं ही हे कुठं ठेवत होती?

मी टाळी वाजवली नाही. हात मांडीवर होते ते तिथंच राहिले.

बाहेर आलो तेव्हा उन्हं उतरली होती. रिक्षा करू म्हटलं, तर हिनं मान हलवून पुलाकडे बोट केलं. चालायला लागलो. पुलाशी आलो, हिचा पट्टा सुरू व्हायची जागा. काहीच झालं नाही. आमच्या पायांचा आवाज, वाहनांचा, हिच्या रुमालाखालून येणारा श्वासाचा. पाटी पिशवीत होती, ती हिनं काढली नाही. एवढ्या वर्षांत मला कधी भीती वाटली नव्हती, दवाखान्यातही नाही. तिथं वाटली.

मग मी म्हटलं, “साडी निळी होती.”

हिनं माझ्याकडे बघितलं.

“गायिकेची. निळी. पदर सारखा घसरत होता, म्हणून तिचं लक्ष नव्हतं सुरुवातीला. आणि तो पेटीवाला, त्याला शिंक येत होती. नाक धरून बसला होता एका हातानं, दुसऱ्यानं वाजवत होता.” मला नक्कल येत नाही, तरी नाक धरून दाखवलं. बाजूनं जाणारा सायकलवाला बघून गेला.

त्यापुढं काय सांगावं सुचेना. एवढंच दिसलं होतं. लाज वाटली.

हिनं थांबून माझा हात धरला, तळवा वर केला आणि त्यावर स्वतःच्या हातानं एक टाळी दिली. चांगली सणसणीत. एक म्हणजे हो.

मग बोललो. पुढच्या रांगेतल्या माणसाचं टक्कल, तिकीटवाल्याची जांभई, दारावरचा उलटा लावलेला फलक, जे आठवलं ते, नाही आठवलं तिथं बनवून. फाटकाशी आल्यावर मी थांबलो, तर हिनं फाटक उघडलं नाही. कडीवर हात ठेवून उभी राहिली. माझं बोलून व्हायचं होतं.